पाण्याखालचा हात

चपला इथेच काढून ठेवा. जिथे उतरायचंय तिथे घोट्याच्या वर चिखल आहे आणि त्या चिखलात फुटक्या कालवांच्या कडा आहेत. चपला घातल्यात तर रुततील, काढल्यात तर पाय कापतील. काय परवडतं ते तुम्ही ठरवा.

साल १७८२. भाद्रपदाचा कृष्ण पक्ष, घरोघरी पितरांची पानं वाढली जाताहेत. विजयदुर्गाच्या बुरुजांखालून वाघोटणच्या खाडीत आत आलं की गिर्ये गावाच्या बाजूला एक गोदी आहे. एका अंगाला तासलेला कातळ, दुसऱ्या अंगाला रचलेले दगड, तोंड खाडीकडे. आंग्र्यांची गोदी म्हणून लोक तिला ओळखतात. आंग्रे आता इथे नाहीत. किल्ल्यावर पेशव्यांचं आरमार आहे आणि आरमाराचे सुभेदार आहेत आनंदराव धुळप. गोदीत, लाकडी ठोकळ्यांवर आणि दोन्ही बाजूंच्या टेकूंवर, एक गुराब, लढाऊ जहाज, उभी आहे.

पौर्णिमेच्या उधाणाला तिला आत ओढून घेतलं, पाणी उतरल्यावर तोंडाशी बांध घातला, उरलंसुरलं पाणी उपसून काढलं. बाहेर काढायची ती सर्वपित्रीच्या उधाणाला. मधले पंधरा दिवस काय ते तुमचे. अवसेला जहाज पाण्यात लोटणं सगळ्यांनाच रुचत नाही, पण दोन उधाणांच्या मधल्या भांगाच्या दिवसांत गुराबीचं बूड तरंगेल इतकं पाणीच इथवर चढत नाही. पंचांग चालतं ते भरतीचं. नारळ काय, दसऱ्याला वाढवता येतो.

तुमच्या हातात एक लोखंडी पातं दिलं जातं. लाकडी मूठ, दोन बोटं रुंदी, धार नावापुरती. तुम्ही वर बघता. पाण्यावर असताना गुराब ओळखू येते ती डोलकाठ्यांवरून, तोफांवरून, पुढे निघालेल्या नाळेवरून. तुमच्यासमोर आहे ती मात्र तिची अशी बाजू, जी तिच्यावर वर्षभर राबणाऱ्या खलाशालाही एरवी दिसत नाही. पाण्याच्या रेषेजवळ हिरवं शेवाळ लोंबतंय. त्याच्याखाली पांढऱ्या, टोकदार कवचांचा थर, ज्यावरून तळहात फिरवलात तर सालटं निघतील. सुकाणूच्या बिजागऱ्यांशी कालवं चिकटलेली. सगळं अर्धवट मेलेलं आणि उन्हात तापलेलं. वासाबद्दल लिहीत नाही. खाडीकाठी वाढलेल्यांना तो माहीत आहे आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

एवढी घाण असूनही गेल्या चार महिन्यांत निम्मी साफसफाई फुकटात झालेली आहे, हे लक्षात घ्या. पावसाळ्यात आरमार उघड्या समुद्रावर राहत नाही, खाडीत आत येऊन बसतं. घाटावर कोसळलेला पाऊस वाघोटणमधून उतरतो आणि खाडीचं पाणी आठवडेच्या आठवडे जवळजवळ गोडं होतं. खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या या चिकटू जातीला तो मार सोसत नाही. वाऱ्याला भिऊन आत आलेल्या गलबतांचा तळही त्याच मुक्कामात सुधारतो. हे हिशेबाने केलं की सवयीने होत गेलं, यावर वाद घालायला मजा येईल, पण पातं हातात असताना नाही.

“अरे, खरवडतंस काय कुरवाळतंस?”

मागे एक म्हातारा उभा आहे. गाबीत. कमरेला लंगोटी, हातात लाकडी मोगरी. फळ्यांच्या फटी भरणं हे त्याचं काम, पण गोदीत हुकूम त्याचाच चालतो. तो तुम्हाला बाजूला सारतो आणि मोगरीने फळीवर ठोके देत पुढे सरकतो. टण. टण. टण. मग एका जागी आवाज बदलतो, बद्द होतो. तो पुन्हा ठोकतो, कान लावतो.

“हय कोणतरी ऱ्हवता.”

तुम्हाला फळी धड दिसते. तो नखाने एक भोक दाखवतो, टाचणीच्या डोक्याएवढं. मग पटाशी लावून वरची खपली उडवतो, आणि आत बोट जाईल एवढं बीळ निघतं, लाकडाच्या रेषेने गेलेलं, आतून पांढऱ्या चुन्याचं अस्तर केलेलं. त्यात मऊ, लांबट, राखी रंगाचा एक जीव. लोक किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला आहे. शरीर लांबत गेलं आणि दोन शिंपा तेवढ्या डोक्याशी उरल्या. त्याच त्याच्या कानशी. पिल्लू असताना केसाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि मग जन्मभर पुढेच पोखरत राहतो. बाहेर कधी येत नाही. म्हणून फळी बाहेरून शाबूत दिसते आणि एके दिवशी लाटेच्या तडाख्याला पुठ्ठ्यासारखी दुमडते.

सागवानात तो सहजी घर करत नाही. लाकडात तेल असतं, ते त्याला मानवत नाही. पण प्रत्येक फळी गाभ्याचीच निघते असं नाही. सालीकडचं कोवळं लाकूड कुठेतरी येतंच. शिवाय सागवान हवं तेवढं तोडता येत नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट ताकीद आहे. रयतेचे आंबे-फणस राजी केल्याशिवाय तोडायचे नाहीत. लाकूड इतक्या काळजीने मिळवायचं तर ते टिकवायची काळजी त्याहून जास्त.

दुपारी आग येते. सुकलेल्या झावळ्यांची चुडतं पेटवून दोघं-तिघं तळाखालून फिरवतात. फळी जळता कामा नये, पण गेल्या वर्षीचा लेप मऊ होऊन सुटला पाहिजे आणि बिळातल्या पाहुण्याला चटका बसला पाहिजे. तुमचं काम आगीच्या मागोमाग पातं चालवायचं. काळा, चिकट, गरम लगदा अंगावर पडतो. मान वर करून दोन घटका काम केल्यावर मानेला जे होतं, ते कुठल्या बखरीत आलेलं नाही. बखरींत तोफा फार, तळ खरवडणारे कमीच.

मग फटी. सुताची पेड तेलात आणि राळेत भिजवायची, पटाशीने फटीत घालायची, मोगरीने ठोकून बसवायची. कमी ठोकली तर पाणी आत येतं. जास्त ठोकली तर पाण्यात लाकूड फुगलं की फळीच उपटते. म्हातारा आवाजावरून सांगतो, पुरे. त्यावर चुना आणि तेल खलून केलेला लेप, हाताने, तळव्याने दाबून. आणि पाण्याच्या रेषेच्या वर नुसतं तेल, मोरी माशाच्या काळजाचं, भांड्यात दिवसेंदिवस मुरलेलं. पहिला हात लाकूड क्षणात पिऊन टाकतं. दुसराही.

“किती हात मारू?”

“पिता थंयसर पाजूचा. नको म्हणला काय थांबूचा.”

संध्याकाळी तो तेलाच्या मडक्यापासून लांब बसून विडी ओढतो. विडी विझवल्यावर थुंकीने भिजवून दगडाखाली दाबतो. तुम्ही विचारता, एवढं कशाला? तो किल्ल्याकडे बघतो. “तुज्याएवढो होतंय मी.”

फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार इथेच, किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना खेटून नांगरलेलं. बाहेर इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं. एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. ते मुळात ईस्ट इंडिया कंपनीचंच जहाज, आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी पकडलेलं. तिथून आग एकामागून एक गुराबींवर गेली. कोरडं सागवान, राळ भरलेल्या फटी, वर्षानुवर्षं पाजलेलं तेल. किड्यापासून वाचवायला जे जे लावलं होतं, त्यातलं निम्मं जळण होतं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला आणि पन्नासएक वर्षं उभं केलेलं आरमार संपलं. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, म्हणून म्हातारा हे सांगताना आवाज खाली आणतो. पगार आता पेशव्यांचा आहे.

सर्वपित्रीला गुराब तरंगते. तुम्ही तिच्याबरोबर जाऊ नका, पुढे बरंच बघायचंय. पण एवढं कानावर घाला, की येत्या चैत्रात, ८ एप्रिल १७८३ ला, धुळपांचं आरमार रत्नागिरीजवळ कंपनीचं ‘रेंजर’ गाठून पकडेल आणि विजयदुर्गात आणेल. इंग्रज-मराठ्यांचा सालबाईचा तह झालेला असल्याने ते पुढे सोडून द्यावं लागेल, ती गोष्ट वेगळी. विजय चुन्यातेलामुळे मिळाला असं म्हणणं वेडेपणाचं होईल. माणसं जास्त होती, गलबतं जास्त होती. तरी समुद्रावर पाठलाग म्हणजे आधी गाठणं, आणि तळाला वीतभर शेवाळ घेऊन कोणी कोणाला गाठत नाही.

आता पस्तीस वर्षं पुढे. अंगावरचा तेलाचा वास तसाच राहू द्या, तसाही तो जाणार नाही.

मुंबईची गोदी, १८१७ चा पावसाळा सरताना. इथली पहिली कोरडी गोदी १७५० ला झाली, सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या काळात. आता त्यांचे नातू जमशेटजी बमनजी मुख्य कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताखाली ‘त्रिंकोमाली’ नावाचं लढाऊ जहाज पुरं होत आलंय, अंगापिंडाने मलबारी सागवानाचं. १२ ऑक्टोबरला ते पाण्यात जाईल. आज, दोनशेहून जास्त वर्षांनी, इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला ते तरंगतंय.

तुम्हाला काम मिळालंय शेजारी, एका जुन्या जहाजाच्या तळाशी. इथे दारं भक्कम आहेत. खरवडणं जवळजवळ नाही. हा तळ पाहिलात तर कवचं अगदी थोडी, शेवाळ नावापुरतं. लाकूड दिसतच नाही. दिसतं तांबं, काही जागी हिरवट, काही जागी तपकिरी, काही जागी इतकं झिजलेलं की नखाने वाकतं.

जुना पत्रा उपटायचा. नवा चार फूट लांब, चौदा इंच रुंद. लाकडावर आधी डांबर लावलेला कागद, त्यावर पत्रा, वरून खिळे. कौलं शाकारताना वरचं खालच्यावर चढवतात तसाच एक पत्रा दुसऱ्यावर चढवायचा, फक्त इथे पाऊस समोरून येतो, म्हणून चढाव नाळेकडून सुकाणूकडे. पत्रा तळाच्या गोलाईवर बसत नाही. कोपऱ्यात सुरकुती पडते. ती हातोडीने हळूहळू बाहेर काढावी लागते, नाहीतर पाणी तिथेच नख घालून सगळा पत्रा सोलतं. संध्याकाळी दारावर झडती होते. तांब्याचा तुकडा कमरेला खोचून नेणाऱ्याला बाजारात गिऱ्हाईक तयार असतं, आणि त्यासाठी सरकारी तांब्यावर बाणाचा ठसा मारलेला असतो.

तांबं मोलाचं, कारण ते समुद्रापलीकडून यायचं. १८१२ मध्ये ‘जावा’ नावाचं इंग्रजी जहाज मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या तळासाठी पत्रे घेऊन निघालं. त्याच पोटात ‘त्रिंकोमाली’चे आराखडेही होते. ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने त्याला गाठलं, हरवलं आणि जाळून टाकलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले.

या कामात एक नियम तुम्हाला पहिल्याच दिवशी ओरडून सांगितला जातो. पत्र्याला लोखंडी खिळा लावायचा नाही. कारण कळायला एक छोटी उडी मारू, पुन्हा मागे, १७६३ मध्ये, इंग्लंडात. ‘अलार्म’ नावाचं जहाज वेस्ट इंडीजहून परत आलंय, दोन वर्षांपूर्वी प्रयोग म्हणून त्याच्या तळाला तांबं लावलेलं. किड्याने लाकडाला दातही लावलेला नाही. सगळे खूश. मग कोणीतरी लोखंडी खिळे बघतो. कित्येक खिळे गळून गेलेत, काही जागी नुसता गंजाचा चोथा. जिथे तांब्याखालचा तपकिरी कागद चुकून खिळ्यावर अखंड राहिला होता, तिथला खिळा मात्र ठणठणीत. समुद्राच्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकत्र आलं की लोखंडाचा बळी जातो. वीज अजून कोणाच्या घरात नव्हती, पण जहाजांच्या तळाखाली ती हे काम करत होती. धडा घ्यायला इंग्रजांना वेळ लागला. १७७९ नंतर अख्ख्या आरमाराला तांबं लावायची घाई झाली, मग खिळ्यांची भीती पुढे आली, आणि लोखंडाविना चालणारे मजबूत खिळे सापडल्यावर ती मिटली.

तळावरचा नवा पत्रा बघून तुम्हाला वाटेल, हा टिकणार. तो टिकत नाही, आणि टिकत नाही म्हणूनच काम करतो. समुद्राचं पाणी तांबं रोज थोडं थोडं विरघळवतं. पिल्लू येऊन चिकटायला बघतं, त्याच्या पायाखालचा थर सुटत असतो, वर विषारीही असतो. दर क्षणी नवा पृष्ठभाग. विजयदुर्गच्या चुन्यातेलाची हीच गत होती. ते झिजायचं, गळायचं, म्हणून दरवर्षी पुन्हा लावायचं.

तांबं झिजतं म्हणूनच काम करतं, हे एका फार हुशार माणसाने लंडनमध्ये सिद्ध केलं, तसा उद्देश नसताना. हंफ्री डेव्ही यांना १८२३ मध्ये विचारलं गेलं, तांबं इतकं झिजतं, काही उपाय? त्यांनी उपाय शोधला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडा. ‘अलार्म’वर जे नको असताना झालं, तेच आता मुद्दाम करा. झिजायचं ते जस्त झिजेल, तांबं वाचेल. प्रयोगासाठी निवडलेल्या जहाजांत कोचीनला बांधलेलं ‘समरांग’ही होतं. तांबं वाचलं, अगदी चकचकीत राहिलं. आणि थोड्याच दिवसांत त्यावर शेवाळ आणि शिंपले नुसते उसळले. विरघळायचं थांबलं, तसं विषही थांबलं. उपाय मागे घेतला गेला. रसायनशास्त्राच्या इतिहासात याहून शुद्ध तर्काने केलेली आणि याहून पुरती आपटलेली गोष्ट शोधून सापडायची नाही. जस्ताचा तो तुकडा मात्र विसरू नका.

पुढचं शतक पटकन ओलांडू. लोखंडी जहाजं आली. लोखंडाला तांबं लावता येत नाही हे ‘अलार्म’ने शिकवलंच होतं, म्हणून तांबं रंगात घातलं गेलं आणि मधे एक अस्तर. तळ तांबडा झाला, तो आजवर. मग १९६०-७० च्या सुमारास कथिलापासून केलेलं एक संयुग आलं, ट्रायब्युटिल टिन. तांब्यापेक्षा कितीतरी जालीम. एकदा लावलं की जहाज वर्षानुवर्षं स्वच्छ. जहाज कंपन्यांना आकाश ठेंगणं झालं.

या थांब्यावर माणूस होऊन काही दिसणार नाही. मुरगावच्या बंदराजवळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकावरचा शंख व्हा. मादी. विसाव्या शतकाची अखेर. मोठी जहाजं खाडीच्या तोंडाशी येतात, खनिज भरतात, जातात. तुमच्या भोवतीच्या पाण्याला काही वास नाही, काही रंग नाही. अब्जावधी थेंबांत मोजून काही थेंब इतकंच ते विष. पण तुमच्या शरीरात काहीतरी उगवू लागतं, जे तुमचं नाही. नराचा अवयव. काही जातींत तो इतका वाढतो की अंडी बाहेर पडायची वाटच बुजते. गोव्यातल्या संशोधकांनी मुरगावच्या शंखांत हे टिपलं. तिकडे फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शेती त्याआधीच उद्ध्वस्त झाली होती. शिंपा जाड आणि वेड्यावाकड्या, आत मांस नाही. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर या रंगाला बंदी घातली. जगभराची बंदी ठरायला २००१ उजाडलं आणि अमलात यायला १७ सप्टेंबर २००८. विष लाकडाला किंवा लोखंडाला चिकटून राहत नाही, ते सुटतं तेव्हाच काम करतं, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. सुटून ते जातं कुठे, हे विचारायला शंखाच्या पोटात जावं लागलं.

शंखातून बाहेर या. आता फार लांब जायचं नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा, रत्नागिरी, मिरकरवाडा. १ जूनला सुरू झालेली मासेमारीबंदी ३१ जुलैला उठेल. दोन महिने किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या बोटींवरचे कागद आणि झापं निघालीयत. पाऊस चार तास थांबला की सगळं बंदर एकदम तळाखाली घुसतं. कोणी तासतंय, कोणी घासतंय. ज्या लाकडी ट्रॉलरखाली तुम्ही बसलायत, तिचे खलाशी अजून नेपाळहून परत यायचेत, म्हणून तुमच्यासारख्या नवख्याला काम मिळालं. शेजारी फायबरची बोट. तिला किड्याची काळजी नाही, पण शिंपल्यांची तितकीच आहे. घाणेरड्या तळाने तोच वेग धरायचा तर डिझेल जास्त जळतं, आणि डिझेलचा हिशेब तांडेलाला झोपेतही पाठ असतो.

हातातलं पातं विजयदुर्गातल्या पात्यापेक्षा वेगळं नाही. फक्त प्लॅस्टिकची मूठ आली. खरवडताना तांबडी भुकटी उडते. मास्क दोघांकडे आहे, आणि त्यातल्या एकाने तो हनुवटीला लावलाय. ओल्या घासकागदाने घासा, म्हणजे भुकटी उडणार नाही, असं डब्यावर चित्र काढून सांगितलेलं आहे. डबा वाचायला कोणाला वेळ नाही, दोन दिवसांनी उधाण आहे. खरवडलेलं सगळं वाळूत पडतं, पहिल्या सरीला खाडीत जातं. बोटीच्या पलीकडे दोन बायका ओहोटीत वाकून खडकावरची कालवं कोयतीने फोडताहेत.

रंग सुरू होतो. आधी अस्तर, मग तांब्याचा तांबडा रंग. रोलरने भराभर पुढे जाता येतं, पण रोलर नाळेच्या कोपऱ्यात आणि सुकाणूच्या मागे पोचत नाही, तिथे ब्रश. तुम्ही सगळीकडे सारखा रंग लावत जाता. तांडेल येतो, पन्नाशीचा, कानाला मोबाईल. तो बोटाने दाखवतो. नाळेला आणखी एक हात, सुकाणूच्या पात्याला एक, पाण्याच्या रेषेला एक. पाणी जिथे जोरात घासतं तिथे रंग आधी संपतो. सपाट बुडाला एवढा देऊन फुकट घालवू नका.

“आणि ठोकळ्याखाली?”

ठोकळ्याखाली. बोट ज्या लाकडांवर टेकलीय, त्या जागांना रंग लागलेलाच नाही. वीतभर रुंदीचे पट्टे. वरून कोणाला कधी कळणार नाही. किड्याला मात्र तेवढं दार पुरतं, आणि पुढच्या वर्षी फळीवर ठोकलं की आवाज बद्द येईल. म्हणून जॅक लावायचा, बोट बोटभर उचलायची, ठोकळे हातभर पुढे सरकवायचे, राहिलेले पट्टे खरवडून रंगवायचे. अर्ध्या दिवसाचं काम. कितीतरी जण ते टाळतात. हा तांडेल टाळत नाही, त्याने एकदा फळी बदललेली आहे आणि सुताराचं बिल त्याच्या लक्षात आहे.

जॅक येईपर्यंत तुम्ही मागच्या बाजूला सरकता. पंख्याच्या वर, बुडाला, एक राखी धातूचा ठोकळा बोल्टने घट्ट केलाय. खडबडीत, खड्डे पडलेला, अर्धा खाल्लेला. एवढ्या स्वच्छ रंगाच्या मधे तो फार विद्रूप दिसतो. ब्रशला तांबडा रंग आहे, हातही बसलाय. तुम्ही त्यावर एक पट्टा ओढता.

“ओ! त्याला नाय!” तांडेल फोन तसाच धरून धावत येतो. “जस्त आहे ते. रंगाखाली गेलं तर ते खाल्लं जाणार नाय, आणि ते नाय खाल्लं तर पाणी माझा पंखा खाईल. पुसा आधी. नाय, फडक्याने नाय निघणार, घासकागद घ्या. आणि हे बघा, अर्ध्याच्या खाली गेलंय, नवं आणायला लागेल. पोराला पाठवा बाजारात, मापाला हेच काढून द्या.”

सोळाचा पाना कुठे आहे ते विचारा. बोल्ट गंजलेत, जोर लागणार आहे.